पडद्यावरची पांदण

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेत कापसाचा भाव आहे, ज्वारीची खरेदी आहे, पीकविमा आहे. आणि सगळ्यात खाली एक ओळ आहे: 'मोबाईलचे ॲप व त्यातील वाटा'. ती वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. भावाचे सोडून हे काय नवे खूळ काढले?

आमचे म्हणणे एवढेच आहे की हा भावाचाच प्रश्न आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. तो घ्यायचा तर भारतीय कापूस महामंडळाकडे नोंदणी हवी आणि ती 'कपास किसान' नावाच्या ॲपवर करायची, असे ठरले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. तलाठ्याने बारा नंबरला पीक लिहायचे, ते काम शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून, फोटो काढून करायचे. पीकविम्यात स्थानिक आपत्तीचे संरक्षण ज्या हंगामात असते, त्या हंगामात नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची असते. तीही मोबाईलवरून देता येते.

म्हणजे शेत आणि काटा यांच्यामध्ये आता एक पडदा उभा आहे. त्या पडद्यातून पलीकडे जायची वाट ज्याला सापडली, त्याचा कापूस हमीभावाच्या काट्यावर जातो. ज्याला सापडली नाही, त्याचा कापूस खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो. पांदण चिखलाने बंद झाली तर माल शेतातच राहतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ही पडद्यावरची पांदण आहे. ती कोण बांधतो, कशी बांधतो आणि चांगली बांधायची असेल तर काय मागायचे, हे आज बोलायचे आहे.

अडाणी कोण?

ॲपमध्ये अडकलेल्या शेतकऱ्याला पहिले वाक्य ऐकू येते ते असे: "तुम्हाला समजत नाही." आणि वाईट हे की तोही मान खाली घालून म्हणतो, "आपलं शिक्षण कमी पडलं."

तर एक खरी हकीकत ऐका. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीने एक नवे छायाप्रत यंत्र काढले. त्यात सोयी खूप होत्या. गिऱ्हाइकांची तक्रार आली की यंत्र फार अवघड आहे. त्याच कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात ल्युसी सचमन नावाच्या बाई काम करीत होत्या. माणसे कामे कशी करतात याचा अभ्यास हा त्यांचा विषय. त्यांनी माणसांना यंत्रापुढे उभे केले आणि त्यांची धडपड कॅमेऱ्यात टिपली. ही माणसे साधी कारकून नव्हती; त्यांत संगणकशास्त्राचे नावाजलेले विद्वानही होते. दोन्ही बाजूंची प्रत काढता काढता त्यांनाही घाम फुटला. १९८७ साली बाईंनी या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांचे सांगणे थोडक्यात असे: यंत्र बनवणाऱ्याने माणूस कसा वागेल याचा एक बेत मनाशी धरलेला असतो, माणूस मात्र समोर जे दिसते त्याप्रमाणे पाऊल टाकतो. बेत आणि पाऊल जुळले नाही की माणूस अडकतो.

आता सांगा, संगणक शिकवणारा विद्वान जिथे अडकला, तिथे त्याला कुणी अडाणी म्हणेल काय? मग वाट चुकली तर दोष चालणाऱ्याचा, हे आपणच का मानायचे? चौकात पाटी नसेल, किंवा पाटीचे तोंड भलतीकडे असेल, तर शंभर माणसे चुकतात. शंभर माणसे एकाच जागी चुकतात तेव्हा शंभर माणसे मूर्ख नसतात. पाटी चुकीची असते.

मांडणीने निकाल फिरतो

मांडणी म्हणजे रंगरंगोटी, असा एक समज आहे. तसे नाही. २००० साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. फ्लोरिडा राज्यातल्या पाम बीच काउंटीत मतपत्रिका छापताना अधिकाऱ्यांनी विचार केला की म्हाताऱ्या मतदारांना वाचता यावे, अक्षर मोठे घ्यावे. हेतू चांगला. पण अक्षर मोठे घेतल्यावर नावे एका पानावर मावेनात. म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर छापली आणि मत देण्याची भोके मधोमध एका ओळीत ठेवली. डाव्या पानावर पहिले नाव बुश यांचे, दुसरे गोर यांचे. पण दुसरे भोक गोर यांचे नव्हते! ते उजव्या पानावरच्या ब्युकॅनन यांचे होते. गोर यांचे भोक तिसरे.

व्हायचे ते झाले. त्या एका काउंटीत ब्युकॅनन यांना ३,४०७ मते पडली. यातली बरीच मते आपली नसावीत, हे खुद्द त्यांनीच बोलून दाखवले. आणि फ्लोरिडाचा निकाल किती मतांनी लागला? ५३७ मतांनी. त्या राज्यावर अध्यक्षपद ठरले. एका कागदावरची भोके जरा वर-खाली झाली, तर जगातल्या सर्वांत बलाढ्य देशात एवढा घोळ होतो. मग आपल्या सातबाऱ्यावर, आपल्या विम्यावर, आपल्या कापसाच्या पैशावर काय होत असेल, याचा विचार करा.

आता दुसरी बाजू. आपल्याच देशात याच कामासाठी एक यंत्र आहे, ते तुम्ही सगळ्यांनी वापरले आहे: मतदान यंत्र. १९८२ साली केरळातल्या परावूर मतदारसंघात ते पहिल्यांदा वापरले गेले. २००४ ची लोकसभा सगळीच्या सगळी त्यावर झाली. ज्या आजीला अक्षर येत नाही तीही आत जाते आणि मिनिटभरात बाहेर येते. का? समोर नाव आहे, नावासमोर चिन्ह आहे, चिन्हासमोर बटण आहे. सगळे एका ओळीत, एका नजरेत. बटण दाबले की तिथेच दिवा लागतो, मोठा आवाज होतो, आणि शेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. काय करायचे ते दिसते, केलेले झाले हे कळते. चिन्हाची युक्ती तर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनची. मतदार शिकला नाही म्हणून देशाने त्याला परत पाठवले नाही. कागद त्याच्याजोगा केला. तेव्हा "शेतकऱ्याला जमेल असे करताच येत नाही" हे आम्हाला कुणी सांगू नये. मत हवे असते तेव्हा करता येते.

खात्याची रचना, शेतकऱ्याचे काम

मग ॲपमधली वाट अवघड का होते? बनवणारी पोरे हुशार असतात, त्यांच्या मनात काही वाईट नसते. कारण दुसरीकडे आहे.

१९६८ साली मेल्विन कॉनवे नावाच्या संगणकतज्ज्ञाने एक नियम मांडला. जी संस्था एखादी यंत्रणा आखते, तिच्या आपसातल्या कारभाराचीच नक्कल त्या यंत्रणेत उतरते. चार टेबलांचे ऑफिस असेल तर ॲपलाही चार दारे होतात. महसूल वेगळा, कृषी वेगळे, पणन वेगळे, बँक वेगळी. शेतकऱ्याच्या डोक्यात अशी टेबले नसतात. त्याच्या डोक्यात हंगाम असतो: पेरले, उगवले, गारपीट झाली, वेचले, विकले. त्याला 'योजना', 'घटक', 'बाब', 'उपबाब' असल्या पायऱ्या उतरून जायचे नसते. त्याला म्हणायचे असते, "माझा पेरा लिहा", "माझे नुकसान झाले", "मला कापूस विकायचा आहे", "माझे पैसे कुठे अडकले?" पहिल्या पडद्यावर ही चार वाक्ये चार मोठ्या बटणांवर लिहिली, तर निम्मे भांडण मिटेल.

शब्दांचेही तसेच. गाव नमुना बाराच्या रकान्यात 'मिश्र' आणि 'निर्भेळ' असे शब्द आहेत. महसुलात ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. पण ज्याने पऱ्हाटीत तुरीचे तास टाकले, तो निर्भेळ शोधेल की मिश्र? सहा ओळी कपाशी आणि एक ओळ तूर, याचे हेक्टर-आर तो कुठून काढणार? ॲपने विचारावे: "कपाशीच्या किती ओळींमागे तुरीची किती ओळ?" आणि क्षेत्र आपले आपण काढावे. गुणाकार-भागाकार करायलाच तर संगणक जन्माला आला. तो हिशेब माणसावर ढकलायचा आणि माणसाने चूक केली की अर्ज बाद करायचा, ही उलटी रीत झाली.

खोल विहीर आणि रुंद नाला

वाटा किती असाव्यात, यावरही काम झालेले आहे. १९८१ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. ६४ गोष्टी घेतल्या आणि त्या वेगवेगळ्या तऱ्हेने मांडल्या. एका मांडणीत दर वेळी दोनच पर्याय, पण सहा पायऱ्या उतरायच्या. दुसरीत चार पर्याय आणि तीन पायऱ्या. तिसरीत आठ पर्याय आणि दोन पायऱ्या. चौथीत सगळ्या ६४ गोष्टी एकाच पडद्यावर. सर्वांत लवकर आणि कमी चुकांत काम झाले ते आठ-आठच्या दोन पायऱ्यांत. दोन-दोनच्या सहा पायऱ्यांत माणूस प्रत्येक वळणावर अंदाज करतो, आणि एक अंदाज चुकला की सगळे मुसळ केरात. आणि ६४ गोष्टी एकदम पुढे ओतल्या तर बाजाराच्या दिवशी हरवलेले पोर शोधण्यासारखे होते.

तेव्हा फार खोलही नको आणि नुसता पसाराही नको. नीट गट पाडलेले, ओळखीच्या नावांचे, दोन पायऱ्यांत पोचणारे हवे.

त्यातून वाट झाकली तर विचारूच नका. मोबाईलच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा असतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या दाबल्या की आतली यादी उघडते. हे चिन्ह १९८१ सालच्या झेरॉक्स स्टार नावाच्या संगणकासाठी नॉर्म कॉक्स या चित्रकाराने काढले. यादीतल्या ओळी दिसाव्यात, हा त्याचा विचार. शहरातल्या माणसाला सवयीने ते कळते. आपल्या माणसाला त्या रेघा म्हणजे तीन तासे वाटली तर त्याचे काय चुकले? त्यामागे दार आहे, हे कुठे लिहिले आहे? वाटा अशा रेघांमागे लपवल्या की त्या सापडण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते, असे जेकब नीलसन यांच्या संस्थेला २०१६ सालच्या तपासणीत दिसले. ती तर इंग्रजी वाचणारी, रोज संगणक वापरणारी माणसे होती. उपाय साधा आहे: चिन्हाखाली मराठीत शब्द लिहा. जे काम शंभरातले नव्वद जण करायला येतात, ते झाकून ठेवू नका.

संशोधन केंद्रातले वाण आणि बरड जमीन

आम्ही शेतकी शिकलेली माणसे. आम्हाला एक गोष्ट पाठ आहे. संशोधन केंद्रावर काळ्या जमिनीत, वेळेवर पाणी देऊन, खतांचा पूर्ण डोस देऊन वाणाचे जे उत्पन्न येते, ते कोरडवाहू बरडावर येत नाही. म्हणून वाण शेतकऱ्याच्या शेतावर लावून पाहावे लागते. कागदावरचा आकडा वेगळा आणि खळ्यावरचे पोते वेगळे.

ॲपचेही अगदी तसेच आहे. ते तयार होते थंड खोलीत, मोठ्या पडद्यावर, तारेने आलेल्या इंटरनेटवर. ते वापरले जाते कुठे? ऑक्टोबरच्या उन्हात, जिथे पडद्यावर आपलेच तोंड दिसते. फुटक्या काचेच्या जुन्या फोनवर. वेचणीने चरे पडलेल्या बोटांनी. रेंज एक काडी, तीही बांधाच्या एका कोपऱ्यात. फोन बहुतेक मुलाचा, आणि मुलगा कामाला पुण्याला. ओटीपी गेला पुण्याला, शेतकरी उभा वावरात.

आमच्या कार्यकर्त्यांनी गेल्या खरिपात गावोगाव शेतकऱ्यांशेजारी बसून काही ॲप पाहिली. कुणाचे नाव घ्यायचे नाही, कारण प्रश्न एकाचा नाही. पण काय दिसले ते सांगतो. सात पडदे भरले, आठव्यावर रेंज गेली, आणि परत आल्यावर पहिल्या पडद्यापासून सुरुवात. मागे जायचे बटण दाबले की एक पाऊल मागे जाण्याऐवजी माणूस थेट बाहेर. चूक झाली तर लाल अक्षरात 'अवैध माहिती'. कोणती माहिती, का अवैध, दुरुस्त कशी करायची, ते काही नाही. आणि सगळे भरल्यावर एक गोल चक्र फिरत राहते. अर्ज गेला की राहिला? बाई दोनदा भरतात, मग 'दुबार अर्ज' म्हणून दोन्ही अडकतात.

यातली एकही अडचण सुटणार नाही अशी नाही. फक्त बनवणाऱ्याने ती डोळ्यांनी पाहायला हवी. नीलसन यांनीच फार पूर्वी दाखवून दिले आहे की यासाठी हजारो माणसांची पाहणी लागत नाही. पाच खरे वापरणारे समोर बसवा, एक काम सांगा, तोंडातून शब्द काढू नका, नुसते पाहा. बहुतेक मोठे दोष त्या पाच जणांतच वर येतात. दुरुस्त करा, पुन्हा पाच बसवा.

पाहिल्याने काय होते, याचे उदाहरण आफ्रिकेतल्या केनियाचे आहे. तिथे २००५ साली मोबाईलवरून बचतगटासारख्या छोट्या कर्जाचे हप्ते फेडण्याची एक चाचणी झाली. चालवणाऱ्यांनी पाहिले की लोक ती सोय भलत्याच कामाला वापरताहेत: एकमेकांना पैसे पाठवायला. त्यांनी लोकांना दटावले नाही. यंत्रणाच बदलली. २००७ साली 'एम-पेसा' सुरू झाली तेव्हा तिचा मुख्य शब्द होता, घरी पैसे पाठवा. साध्या बटणांच्या फोनवर, इंटरनेटशिवाय, थोड्या ओळींची यादी: पैसे पाठवा, पैसे काढा, शिल्लक पाहा. काम झाले की दोघांनाही पोच देणारा संदेश. शहरात कमावणाऱ्याचे पैसे खेड्यात म्हातारीच्या हातात पोचू लागले. देश आपल्यापेक्षा श्रीमंत नाही. वाट मात्र सरळ काढली.

मागायचे काय?

भावांनो, "ॲप सोपे करा" अशी मागणी केली तर "केले आहे" असे उत्तर येते. मोघम मागणीला मोघम उत्तर. म्हणून आपली मागणी मोजता येईल अशी हवी. या मेळाव्यापुढे आम्ही सहा कलमे ठेवतो.

एक. पहिल्या पडद्यावर शेतकऱ्याची कामे असावीत, खात्यांची नावे नव्हेत. कोणतेही नेहमीचे काम दोन पायऱ्यांत हाती लागावे.

दोन. प्रत्येक पडद्यावर चार गोष्टी दिसाव्यात: मी कुठे आहे, किती पायऱ्या झाल्या, किती राहिल्या, आणि मागे कसे जायचे. रस्त्यावर मैलाचे दगड असतात ना, तसे.

तीन. भरलेले हरवू नये. रेंज गेली तर माहिती फोनमध्येच राहावी आणि रेंज आली की आपोआप पुढे जावी. सूचना वेळेत भरली की नाही, हे शेतकऱ्याने ती भरली त्या वेळेवरून ठरावे, सर्व्हरला पोचली त्या वेळेवरून नव्हे.

चार. प्रत्येक चुकीला मराठीत कारण आणि उपाय. 'अवैध' हा शब्दच काढून टाकावा.

पाच. काम झाले की पोच हवी: क्रमांक, तारीख, वेळ. पडद्यावरही आणि संदेशानेही. मापाची पावती घेतल्याशिवाय आपण बाजार समितीतून निघत नाही, तसेच हे.

सहा. ॲप सुरू करण्याआधी ते प्रत्येक विभागातल्या कोरडवाहू गावात, बांधावर, शेतकऱ्यांच्याच फोनवर तपासावे. त्या पाच-पाच जणांत बायका असाव्यात, साठीपुढची माणसे असावीत. आणि जोवर ॲप सगळ्यांना जमत नाही तोवर गावात कागदाची खिडकी उघडी राहावी.

यात आपण काही आकाशातले मागत नाही. सरकारी वेबसाइट कशा असाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वे भारत सरकारने २००९ सालीच काढली. २०२३ साली तिसरी आवृत्ती आली, तिच्यात मोबाईलची ॲपही धरली आहेत. त्यांनी त्यांचेच लिहिलेले पाळावे, एवढेच.

तोवर आपण काय करायचे?

मागणी मान्य होईपर्यंत हंगाम थांबत नाही. म्हणून प्रत्येक गावात दोन माणसे, एक बाई आणि एक पुरुष, या कामासाठी ठेवा. त्यांनी अर्ज भरून देण्यापेक्षा शेजारी बसावे. बोट शेतकऱ्याचेच असू द्यावे. ओटीपी आणि बँकेचा आकडा कुणालाही, अगदी आमच्या कार्यकर्त्यालाही देऊ नये. भरलेल्या प्रत्येक पडद्याचा फोटो ठेवावा. आणि एक वही घालावी: कोणते काम, कोणत्या पडद्यावर अडले, काय लिहून आले, किती वाजता. माणसाचे नाव नको, फक्त अडलेली जागा. पुढच्या मेळाव्याला सगळ्या गावांच्या वह्या एकत्र आल्या की नकाशाच तयार होईल. चाळीस गावे एकाच पडद्यावर अडलेली दिसली, तर साहेबाला "शेतकऱ्याला समजत नाही" असे म्हणता येणार नाही. तो आपला पंचनामा असेल, आपणच केलेला.

पांदण मोकळी करा म्हणून आपण तहसीलवर गेलो तेव्हा आपण रस्ता बांधायचे शास्त्र शिकून गेलो नव्हतो. कुठे गाडी रुतते, ते आपल्याला माहीत होते. इथेही तेवढे पुरे आहे. ज्या गावांना वह्या हव्यात त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मंचाशेजारच्या टेबलावर नाव लिहावे, म्हणजे वेचणी सुरू व्हायच्या आत त्या पोचतील. एवढे सांगून थांबतो.